तिजोरी शाबूत, सही मात्र चोराची

परवा एका डिझाइन मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं, "की एचएसएममध्ये आहे ना, मग कशाला टेन्शन?" मला डिजिनोटार आठवलं.

आधी एचएसएमबद्दल थोडं. हार्डवेअर सिक्युरिटी मॉड्यूल म्हणजे एक बंद डबा. प्रायव्हेट की त्यातच तयार होते आणि आतच राहते. आपण डेटा पाठवायचा, सही होऊन बाहेर येते. डबा फोडायला गेलात तर की पुसली जाते. वेबसाइटना सर्टिफिकेट देणाऱ्या कंपन्या आपल्या की अशाच डब्यात ठेवतात.

नेदरलँड्समधली डिजिनोटार त्यातलीच एक. डच सरकारच्या साइट्सही तिची सर्टिफिकेट्स वापरायच्या. जून २०११ मध्ये तिच्या नेटवर्कमध्ये कोणीतरी शिरलं. आधी बाहेरचे वेब सर्व्हर, मग हळूहळू आत. सर्टिफिकेट काढणारे सगळे सर्व्हर एकाच विंडोज डोमेनमध्ये, म्हणजे एक पासवर्ड मिळाला की सगळी दारं उघडी! १० जुलैला गूगलच्या नावाचं खोटं सर्टिफिकेट निघालं. कंपनीला १९ जुलैला घुसखोरी कळली, पण तिने जगाला काही सांगितलं नाही. ऑगस्टअखेर इराणमधल्या एका माणसाला क्रोमने जीमेल उघडताना वॉर्निंग दिली, तेव्हा बिंग फुटलं. तोवर सुमारे ३ लाख आयपी अ‍ॅड्रेसना ते सर्टिफिकेट दाखवलं गेलं होतं, जवळजवळ सगळे इराणमधले. तिथे कोणाची मेल कोण वाचतंय हा जिवाचा प्रश्न असू शकतो.

आणि एचएसएम? तो कोणी फोडलाच नाही. तो चालू करायला स्मार्टकार्ड लागायचं. पण फॉक्स-आयटीच्या तपासात दिसलं की काही की सतत चालूच होत्या. रद्द सर्टिफिकेटांच्या याद्या आपोआप निघाव्यात म्हणून ही सोय. सर्व्हर ताब्यात आल्यावर की चोरायची गरजच काय? सही मागितली, डब्याने इमानदारीत दिली. अशी ५३१ खोटी सर्टिफिकेट्स सापडली. त्याहून वाईट म्हणजे लॉग अपुरे, त्यामुळे एकूण किती निघाली हे खात्रीने सांगता येईना. मग ब्राउझरवाल्यांनी अख्खी कंपनीच बाद केली. २० सप्टेंबर २०११ ला तिचं दिवाळं निघालं.

म्हणून मीटिंगमध्ये मी एवढंच विचारलं, "की सुरक्षित आहे, मान्य. पण सही कोण मागू शकतं? आणि मागितली तर आपल्याला कळतं का?"

उत्तर अजून यायचंय..