राजा दीनदयाळ यांनी गिऱ्हाईक कसे मिळवले?
नांदेड-लातूरचे छायाचित्रकार आज ऑनलाइन बाजारपेठांत कामे शोधतात. हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, तेव्हा त्याच राज्याच्या राजधानीत लाला दीनदयाळ यांनी आपली पेठ स्वतः उभी केली.

१८४४ साली सरधन्यात जन्मलेले, रुडकीत शिकलेले दीनदयाळ इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीस होते. कॅमेरा हा छंद. सर हेन्री डॅली यांनी उत्तेजन दिले, तर १८८२ मध्ये लेपेल ग्रिफिन यांनी बुंदेलखंडाच्या दौऱ्यावर सोबत नेले. एकाची शिफारस दुसऱ्याचे दार उघडी. पुढे सहावे निजाम महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमले.

तरीही ते केवळ दरबारावर विसंबले नाहीत. सिकंदराबादला स्टुडिओ होताच. १८९२ मध्ये हैदराबादेत खास जनाना स्टुडिओ निघाला. तेथे छायाचित्रे घेई ती एक इंग्रज बाई. पडद्यातील स्त्रियाही गिऱ्हाईक असू शकतात, हे ओळखणे साधे नव्हते! १८९६ मध्ये मुंबईतही दुकान थाटले.

मराठवाडाही त्यांच्या संग्रहात आहे: १८९९-१९०० च्या दुष्काळातील औरंगाबादची मदतकार्ये. त्या चित्रांतील माणसे मात्र कोणाची गिऱ्हाइके नव्हती.