संरक्षक जकात आणि रेशमाचा धागा

लग्नसराईत बेंगळूरच्या चिकपेटेत पाय ठेवायला जागा नसते. गादीवर उलगडलेली साडी निरखताना एक प्रश्न सहसा कुणाला पडत नाही: हा धागा रामनगर-शिडलघट्ट्याकडील शेतकऱ्याच्या कोषांचा की चीनचा? प्रशासनाची मात्र या प्रश्नातून नव्वदीहून अधिक वर्षे सुटका झालेली नाही.

जागतिक मंदीत जपान व चीनचे स्वस्त रेशीम येऊ लागले आणि म्हैसूर संस्थानातील तुती उत्पादक हवालदिल झाला. १९३३ साली टॅरिफ बोर्डाने चौकशी केली. १९३४ साली संरक्षक जकात बसली. पुढे महायुद्धात जपानी माल थांबला, पॅराशूटसाठी रेशमाची मागणी वाढली आणि धंद्याला तेजी आली. युद्ध संपताच ती ओसरली. त्यानंतर १९४८ च्या कायद्यान्वये केंद्रीय रेशीम मंडळ अस्तित्वात आले.

इतिहासाची पुनरावृत्ती २००३ साली झाली. चिनी कच्च्या रेशमावर अँटी-डंपिंग शुल्क लावावे लागले. २०११ च्या अर्थसंकल्पात सीमाशुल्क ३० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले. कोषांचे भाव कोसळले, शेतकरी रस्त्यावर उतरले. २०१३ साली ते पुन्हा १५ टक्के झाले.

यात खलनायक कोणी नाही. यंत्रमागाला एकसारखा, न तुटणारा ताण्याचा धागा लागतो. तो चिनी मालात मिळतो, म्हणून विणकर आयात मागतो. जकात वाढली की शेतकरी तरतो, पण बोजा विणकरावर पडतो. कमी झाली की उलटे होते. बेंगळूरहून रेशीम मागवणाऱ्या येवल्याच्या पैठणी विणकरालाही याची झळ पोहोचते. एकाला दिलेले साहाय्य दुसऱ्याच्या खिशातून जाते, हे अर्थशास्त्राचे जुनेच सूत्र.

मग उपाय कोणता? जकात केवळ वेळ विकत घेते. त्या वेळात काय केले, हा खरा प्रश्न. दर्जेदार धागा देणाऱ्या दुबार जातींच्या कोषांसाठी १९९१ पासून कर्नाटकात जपानच्याच तांत्रिक सहकार्याने प्रकल्प राबवला गेला. एकेकाळचा प्रतिस्पर्धी गुरू झाला! सुधारित अंडीपुंज, कीटक संगोपनगृह आणि स्वयंचलित रीलिंग यंत्र यांवरील खर्च शेतकरी व विणकर दोघांच्याही पदरात पडतो. जकातीचा आकडा अधिसूचनेने एका रात्रीत बदलता येतो. धाग्याचा दर्जा सुधारायला मात्र एक पिढी लागते. म्हणूनच ते काम मागे पडते, आणि म्हणूनच ते आधी करायला हवे.