शाळेत आमचे म्हणणे कोणी ऐकले?

गेल्या वर्षी आमच्या नातीने तिच्या तिखोनमध्ये मोएत्सेची निवडणूक लढवली. घरात आठ दिवस कागद, रंग आणि घोषणा यांचा पसारा होता. एका संध्याकाळी पोस्टरला गोंद लावता लावता तिने विचारले, "सव्ता, तुमच्या शाळेत मोएत्सा होती का?" आम्ही म्हटले, "मोएत्सा नव्हती, पण वर्गाचा मॉनिटर होता." "तो तुमच्या बाजूने बोलायचा?" या प्रश्नावर आम्हाला हसू आले. मॉनिटरचे मुख्य काम म्हणजे, सर वर्गात नसताना जो बोलेल त्याचे नाव फळ्यावर लिहिणे!

पण त्या रात्री झोप लवकर लागली नाही. आपल्या समाजाच्या शिक्षणाचा इतिहास आपण पुष्कळदा वाचला आहे, सभांतून ऐकला आहे. त्यात संस्थापक असतात, देणगीदार असतात, इमारतींची वर्षे असतात. बाकावर बसलेली मुले मात्र फक्त पटावरच्या संख्येत येतात. त्यांना काय हवे होते, ते त्यांनी कोणाला सांगितले, आणि कोणी ऐकले का, या बाजूने तो इतिहास एकदा पाहावा असे वाटले, म्हणून हा लेख.

कोकणात तेलाचे घाणे चालवणारे आपले पूर्वज शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत, हे वाचकांना सांगायला नको. पुढे मुंबईत अमेरिकन मिशनने मराठी शाळा काढल्या. १८२९ साली स्कॉटिश पाद्री जॉन विल्सन मुंबईत आले. त्यांनी १८३२ मध्ये मराठी जाणणाऱ्यांसाठी हिब्रूचे व्याकरण तयार केले. या मंडळींचा हेतू आपल्याला ख्रिस्ती करण्याचा होता, हे लपून राहिलेले नव्हते. तरी आपल्या लोकांनी मुले धाडली. त्यांच्याकडून अक्षरे घेतली आणि बाकीचे त्यांच्यापाशीच राहू दिले. इतक्या शहाणपणाने केलेला व्यवहार आपल्या इतिहासात दुसरा क्वचितच असेल! मात्र या व्यवहारात बोलणारे दोघेच होते, पाद्री आणि बाप. मुलाने बसायचे आणि पाठ म्हणायचा.

आपली स्वतःची शाळा असावी या इच्छेतून हाईम शमुवेल केहिमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी १८७५ साली मुंबईत इस्रायलाइट स्कूल काढले. लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनने तिला मदत केली. पुढे सर एली कदुरी यांच्या देणगीवरून शाळेला त्यांचे नाव मिळाले, आणि माझगावची 'कदुरी शाळा' म्हणून ती घरोघर माहीत झाली. केहिमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ मध्ये लिहून ठेवला होता. तो छापला गेला १९३७ साली, तेल अवीवमध्ये. चाळीस वर्षे हस्तलिखित पडून होते. हस्तलिखितांविषयी पुढे आणखी लिहायचे आहे.

या शाळेत हिब्रू शिकायला मिळे, आणि आपल्या सणांना सुटी असे. आज या दोन गोष्टी साध्या वाटतात, पण मुलाच्या दृष्टीने दुसरी गोष्ट फार मोठी होती. आपला सण आहे हे कोणाला समजावून सांगावे लागत नव्हते. अर्ज नाही, कारण नाही, वर्गात उभे राहून खुलासा नाही.

याच शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून १९२२ पासून १९५० पर्यंत रिबेका रूबेन यांनी काम केले. त्या पुण्याच्या हुजूरपागेच्या विद्यार्थिनी. १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेत त्या पहिल्या आल्या, तोपर्यंत कोणा मुलीला हे साधले नव्हते. १९१७ ते १९२० या काळात त्यांनी बेने इस्रायल समाजाचे इंग्रजी वार्षिकही चालवले. डॉ. जेरुशा झिराड याही हुजूरपागेत शिकल्या, पुढे १९२८ ते १९४७ त्या मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या. आम्ही नर्सिंगचा पेशा पत्करला तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांनी त्यांचेच नाव पुढे केले होते. या दोघींचे नाव घेताना आमची मान ताठ होते. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या काळी मुलीचे म्हणणे ऐकले जायचे ते पहिला नंबर आल्यावर. चौतिसाव्या नंबरच्या मुलीलाही काही म्हणायचे असेल, हे कोणाच्या मनात येत नव्हते.

आता आमच्याकडे येतो. आम्ही कदुरीत शिकलो नाही. आम्ही ठाण्याचे. टेंभी नाक्याजवळ १८७९ साली बांधलेले शाआर हाशामायिम हे आपले सिनेगॉग, आणि तिथून चालत जाता येईल अशी एक मराठी माध्यमिक शाळा. सारा वर्ग हिंदू, दोन-तीन ख्रिस्ती, आणि आम्ही चौघे बेने इस्रायल: दोघी मुली, दोघे मुलगे. शनिवारी सकाळची अर्धी शाळा असे. ज्यांची ओळखच शनिवारी काम न करण्याची, त्यांची नातवंडे शनिवारी सकाळी सात वाजता दप्तर घेऊन रांगेत उभी! घरात याविषयी कोणी बोलत नसे. शिक्षण हवे तर हे चालायचेच, असा समज होता.

सणांचे मात्र बहुतेक वर्षी आपोआप जमून जाई. आपली तिश्रीची दशमी आणि अश्विन शुद्ध दशमी या दोन्ही चंद्राच्या तिथ्या, त्यामुळे दारफळणीचा सण आणि दसरा बहुधा लागून येतात. १९७३ साली तसेच झाले. त्या दिवशी इस्रायलवर युद्ध आले, ते वर्ष कोण विसरेल? पण १९७४ साली अधिक भाद्रपद पडला आणि दसरा गेला ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात. आमचा उपवास आला गुरुवारी, २६ सप्टेंबरला. गणपतीची सुटी नुकतीच संपली होती आणि त्याच दिवशी गणिताची घटक चाचणी लागली.

आम्ही दहावीत होतो. तीही नव्या अभ्यासक्रमाची पहिली दहावी. जुन्या अकरावीची शेवटची तुकडी आणि आम्ही, दोघेही मार्च १९७५ मध्ये परीक्षेला बसणार होतो. पुस्तके नवी, गणित नवे, शिक्षकही आमच्याबरोबरच शिकत होते. हा एवढा मोठा फेरबदल ज्यांच्या डोक्यावर होत होता, त्या मुलांना कोणी एका शब्दाने विचारले नव्हते. त्यामुळे प्रत्येक चाचणीची धास्ती होती.

आम्ही चौघांनी ठरवले की आपणच अर्ज करायचा. अक्षर बरे म्हणून मसुदा आमच्या हातचा. 'माननीय मुख्याध्यापक यांसी, सा. न. वि. वि.' अशी सुरुवात करून आम्ही लिहिले की, हा आमचा वर्षातला सर्वांत पवित्र दिवस आहे. पहाटेपासून पांढरे कपडे घालून आम्ही प्रार्थनेत असतो, अन्नपाणी घेत नाही. तरी आमची चाचणी दुसऱ्या दिवशी घ्यावी. खाली चार सह्या.

मुख्याध्यापकांनी अर्ज वाचला, उलटून पाहिला, आणि म्हणाले, "सह्या करून मागण्या करायला ही काय गिरणी आहे? अर्ज पालकांनी करायचा असतो." त्याच वर्षी मे महिन्यात रेल्वेचा मोठा संप झाला होता. चार सह्या एका कागदावर दिसल्या की मोठी माणसे बिचकत. आमच्यापैकी एकाचे वडील रेल्वेतच होते. त्यांना हे कळल्यावर त्यांनी मुलालाच दम भरला, "सरांपुढे तोंड वर करून बोलायचं नाही. आपण इथं चार घरं आहोत." मग त्यांनी दोन ओळींचा अर्ज लिहिला, 'घरगुती कारणास्तव'. रजा लगेच मंजूर झाली.

ते 'घरगुती कारण' आम्हाला चाचणीपेक्षा जास्त लागले. गुणपत्रकात आमच्या चौघांपुढे 'गैरहजर' असा शेरा पडला. गणिताच्या बाईंनी मात्र पुढच्या आठवड्यात शाळा सुटल्यावर आम्हाला थांबवून वेगळा पेपर दिला, तपासला, चुका समजावल्या. ते गुण पत्रकात गेले नाहीत. बाईंनी तसे वचनही दिले नव्हते. "तुम्हाला येतं की नाही, ते मला कळायला हवं," एवढेच त्या म्हणाल्या.

वाचकांपैकी जे मराठी शाळांत शिकले त्यांना 'हस्तलिखित' आठवत असेल. छापील अंक परवडत नसे, म्हणून मुलांचे लेख आखीव कागदावर सुंदर अक्षरात उतरवायचे, चित्रे काढायची, पुठ्ठ्याची बांधणी करायची आणि स्नेहसंमेलनाच्या वेळी टेबलावर मांडायचे. वक्तृत्व स्पर्धेत शिक्षकांनी लिहून दिलेले भाषण पाठ म्हणायचे असे. ५ सप्टेंबरला शिक्षक दिनी मुले एक दिवस शिक्षक होत, पण तेव्हाही ती सरांची नक्कलच करत. आपल्या मनातले काही लिहायला जागा होती ती हस्तलिखितातच. त्या वर्षी आम्ही 'दारफळणीचा सण' असा लेख दिला. शेवटचे वाक्य होते: 'आम्हाला सुटी नको होती, आम्हाला कोणी विचारले असते तर बरे झाले असते.' अंक टेबलावर आला तेव्हा लेख होता, पण ते वाक्य नव्हते. त्या जागी होते: 'अशा रीतीने आपल्या देशात सर्व सण आनंदाने साजरे होतात.' उपवासाचा दिवस, आणि आनंदाने! आम्ही चौघे खूप हसलो. राग नंतर आला.

१९७८ मध्ये आम्ही इकडे आलो तेव्हा शाळा मागे पडली होती. धाकटा भाऊ मात्र चौदा वर्षांचा होता, त्याला इथल्या नववीत घातले. सण आता साऱ्या देशाचे होते, शनिवारची शाळा नव्हती, अर्जाचे कारणच उरले नाही. आणि तो बोलायचाच थांबला. ठाण्याला सगळ्यांच्या नकला करणारा मुलगा वर्षभर फक्त गणिताच्या तासाला हात वर करी, कारण आकड्यांना भाषा लागत नाही. शाळेच्या अहवालात लिहून आले: शांत, नम्र, काही त्रास नाही. आईवडिलांना आनंद झाला. हीच शाबासकी त्या काळात आपल्या कितीतरी घरांत आली असेल. होदी मुले शांत असतात, तक्रार करत नाहीत! पुढे वॉर्डात नोकरी करताना आमच्या सीनियर सिस्टरने पहिल्याच आठवड्यात सांगितले होते की, ओरडणाऱ्या पेशंटकडे कोणीतरी जातेच, गप्प पडलेल्याच्या खाटेजवळ आधी जा. तेव्हा आम्हाला भावाचा तो अहवाल आठवला. त्याला आम्ही घरीसुद्धा विचारले नव्हते.

२००० साली क्नेसेटने विद्यार्थ्यांच्या हक्कांचा कायदा केला. मुलाला शाळेतून काढायचे तर आधी त्याचे आणि आईबापांचे म्हणणे ऐकावे लागते. मारणे आणि अपमान करणे यांना मनाई आहे. निवडून आलेली विद्यार्थी मोएत्सा असावी यालाही उत्तेजन आहे. भारतातही २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मारण्याला आणि मानसिक छळाला बंदी केली. कायदा झाला म्हणजे सगळे झाले असे आम्ही मानत नाही. नातीच्या मोएत्सेचा बराचसा वेळ सहलीच्या आणि पार्टीच्या चर्चेत जातो असे तीच सांगते. पण चार सह्यांचा कागद पाहून तिच्या मुख्याध्यापिका बिचकणार नाहीत.

माझगावची कदुरी शाळा आजही चालू आहे, आणि तिथे शिकणारी बहुसंख्य मुले मुसलमान घरांतली आहेत. आपली मुले तिथून इकडे आली. त्या शाळेत आणि ठाणे, पुणे, अलिबाग, पनवेलच्या शाळांत आपण काय लिहिले, काय मागितले, ते आता आपल्याच पेट्यांतून निघेल. नातीला आम्ही गाळलेल्या वाक्याची हकीकत सांगितली, तर तिने ते वाक्य हिब्रूत करून मागितले आणि वहीत लिहून घेतले. निवडणुकीत ती अकरा मतांनी हरली, पण वर्गाची प्रतिनिधी म्हणून तिला घेतले आहे.

वाचक बंधुभगिनींना विनंती आहे की, ज्यांच्याकडे शाळेचे हस्तलिखित, छापील वार्षिक, वर्गाचा फोटो, प्रगतिपुस्तक किंवा शाळेला लिहिलेल्या एखाद्या अर्जाची प्रत असेल त्यांनी संपादकांकडे पाठवावी. मूळ कागद पाठवू नये, छायाप्रत पुरे. मागे शाळेचे नाव, गाव, इयत्ता आणि वर्ष लिहावे, आणि फोटोत आपण कोणत्या रांगेत उभे आहात तेही.