देव एक, मग माणसं दोन का? शनिवार तेल्यांचा धडा

ज्यू आणि मुसलमान यांच्यात फरक काय, असं धामणगाव बढेतले तरुण आम्हाला विचारतात. आधी साम्य पाहू. दोघंही एकच देव मानतात, मूर्तिपूजा नाकारतात, सुंता करतात, डुकराचं मांस खात नाहीत. इब्राहिम आणि मुसा दोघांनाही पूज्य. ज्यू मात्र मुहम्मदांना प्रेषित मानत नाहीत. ते जेरुसलेमकडे तोंड करून प्रार्थना करतात, मुसलमान मक्केकडे. ज्यू शनिवारी पूर्ण विश्रांती पाळतात. शुक्रवारची नमाज आटोपल्यावर मुसलमान कामाला लागू शकतो.

ही शनिवारची सुट्टी कोकणानेही पाहिली. तिथले मराठी बोलणारे बेने इस्राएल तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी बंद ठेवत, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' नाव पडलं. १७९६ साली मुंबईत त्यांचं सिनेगॉग उभं राहिलं. पण त्यांच्यातही 'गोरे' आणि 'काळे' इस्राएल होते, त्यांच्यात बेटीव्यवहार नव्हता! पुढे हेच लोक इस्रायलला गेले, तेव्हा तिथल्या धर्मगुरूंनी लग्नाच्या वेळी त्यांच्याच ज्यूपणावर शंका घेतली. त्यांनी आंदोलन केलं आणि १९६४ मध्ये बरोबरीची मान्यता मिळवली.

भारतीय मुसलमानांतला अश्रफ-अजलाफ भेद बाबासाहेबांनी पाकिस्तानवरच्या ग्रंथात मांडलाच आहे. म्हणजे देव एक मानला तरी जात आपोआप मरत नाही.

मग १९५६ ला धम्म घेतलेल्या आपल्या घरांत सोयरीक जुळवताना पोटजात का विचारली जाते? मित्रांनो, दुसऱ्यांचा धर्म तपासण्याआधी याचं उत्तर देऊ.

जय भीम!