शेतजमिनीची मोजणी: धुरा नेमका कुठून जातो?

यवतमाळकडे शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. नांगरता-नांगरता तो दरवर्षी वीतभर सरकतो आणि पेरणीच्या तोंडावर दोन शेजाऱ्यांत जुंपते. मग जो तो सातबारा पुढे करतो. पण सातबाऱ्यावर फक्त क्षेत्र असते, हद्द नसते. हद्द असते भूमी अभिलेख खात्याच्या नकाशात.

धुऱ्याच्या वादात 'हद्द कायम' मोजणी मागवावी. अर्ज तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयात किंवा ऑनलाइन ई-मोजणीवर करता येतो. लगतच्या शेतकऱ्यांना नोटीस जाते. ठरल्या दिवशी भूकरमापक येतो (आता बहुधा रोव्हर घेऊन), जुना नकाशा जागेशी ताडून हद्दीच्या खुणा दाखवतो. नंतर मिळणाऱ्या 'क' प्रतीवर नकाशाची हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट दोन्ही असतात. शेजारी किती आत आला, ते तिथेच कळते.

भावांच्या वाटणीसाठी पोटहिस्सा मोजणी, प्लॉट पाडायला बिनशेती मोजणी. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेसारख्या भूसंपादनात संयुक्त मोजणी होते. तेव्हा शेतात हजर राहाच, कारण विहीर, झाडे नोंदीतून सुटली तर मोबदलाही सुटतो.

मोजणी पटली नाही तर वरिष्ठांकडे निमताना मोजणी मागता येते. मात्र भूकरमापक ताबा मिळवून देत नाही. त्यासाठी महसूल अधिकारी किंवा दिवाणी न्यायालय गाठावे लागते. आणि हद्दीचे दगड जपण्याची जबाबदारी, जमीन महसूल संहिता 1966 नुसार, शेतमालकाचीच आहे.