आयरास

इन्फ्रारेड ॲस्ट्रॉनॉमिकल सॅटेलाइट अर्थात आयरास ही अवरक्त किरणांत जवळपास संपूर्ण आकाशाचे सर्वेक्षण करणारी पहिली अवकाश दुर्बीण होती. ही अमेरिका, नेदरलँड्स आणि युनायटेड किंग्डम या देशांची संयुक्त मोहीम होती. दुर्बीण, शीतकरण यंत्रणा व प्रक्षेपण यांची जबाबदारी अमेरिकेकडे होती. उपग्रहाचा मूळ सांगाडा नेदरलँड्सने बांधला, तर नियंत्रण केंद्र इंग्लंडमधील रदरफर्ड ॲपलटन प्रयोगशाळेत होते. २५ जानेवारी १९८३ रोजी कॅलिफोर्नियातील व्हँडेनबर्ग तळावरून आयरासचे प्रक्षेपण झाले.

पार्श्वभूमी

अंतराळातील धूळ ताऱ्यांचा दृश्य प्रकाश अडवते आणि त्या उष्णतेने तापून अवरक्त किरण उत्सर्जित करते. या किरणांचा बराचसा भाग पृथ्वीच्या वातावरणातील बाष्प शोषून घेते. शिवाय वातावरण आणि दुर्बीण स्वतःही अवरक्त किरण बाहेर टाकत असल्याने त्यांत अंधूक स्रोत झाकले जातात. त्यामुळे अशा निरीक्षणांसाठी वातावरणाबाहेरील, अतिशीत दुर्बीण आवश्यक ठरते.

रचना व कार्यकाळ

आयरासच्या मुख्य आरशाचा व्यास ५७ सेंटिमीटर होता. १२, २५, ६० आणि १०० मायक्रोमीटर या चार तरंगलांबी-पट्ट्यांत निरीक्षणे घेतली जात. पृथ्वीपासून सुमारे ९०० किलोमीटर उंचीवरील, जवळजवळ ध्रुवीय कक्षेतून उपग्रह फिरत असे. संवेदक द्रवरूप हेलियमच्या साहाय्याने निरपेक्ष शून्याच्या जवळ, उणे २७० अंश सेल्सियसच्या आसपास थंड ठेवले जात. हेलियमचे सतत बाष्पीभवन होत असे आणि तो पुन्हा भरण्याची सोय नव्हती. त्यामुळे हेलियमचा साठा हीच मोहिमेच्या आयुष्याची मर्यादा होती. २१ नोव्हेंबर १९८३ रोजी तो संपला व निरीक्षणे थांबली. तोपर्यंतच्या सुमारे दहा महिन्यांत ९६ टक्के आकाशाचे सर्वेक्षण पूर्ण झाले होते.

प्रमुख शोध

आयरासने सुमारे ३,५०,००० अवरक्त स्रोतांची नोंद केली. उपकरणांच्या अंशांकनासाठी अभिजित ताऱ्याचे निरीक्षण करताना तो अपेक्षेपेक्षा अधिक अवरक्त किरण देत असल्याचे आढळले. याचे कारण ताऱ्याभोवतीची धूळ हे होते. सूर्याव्यतिरिक्त अन्य प्रौढ ताऱ्याभोवती घनपदार्थ असल्याचा हा पहिला पुरावा मानला जातो. आपली बहुतांश ऊर्जा अवरक्त किरणांत उत्सर्जित करणाऱ्या अनेक दीर्घिकाही या सर्वेक्षणात उजेडात आल्या.

आकाशाचा एकच भाग पुन्हापुन्हा पाहिला जात असल्याने स्थान बदलणाऱ्या वस्तूही ओळखता आल्या. मे १९८३ मध्ये पृथ्वीच्या अगदी जवळून गेलेला आयरास–अराकी–अल्कॉक धूमकेतू आणि ऑक्टोबर १९८३ मध्ये सापडलेला फेथॉन हा लघुग्रह ही त्याची उदाहरणे होत. डिसेंबरमधील मिथुन उल्कावर्षावाचे उगमस्थान फेथॉन असल्याचे मानले जाते.

मोहिमेनंतर

आयएसओ, स्पिट्झर, अकारी व वाइज या नंतरच्या अवरक्त दुर्बिणींनी आयरासचे कार्य पुढे नेले. निकामी झालेला हा उपग्रह अद्याप कक्षेत आहे. २९ जानेवारी २०२० रोजी तो जीजीएसई-४ या दुसऱ्या निकामी उपग्रहाच्या अगदी जवळून गेला. टक्कर मात्र झाली नाही.