लांडगा, उंदीर आणि बाहेरची थंडी

डिसेंबर लागला की इथल्या दुकानांत एक गाणं कानावर पडतंच, 'बेबी, इट्स कोल्ड आउटसाइड'. ती घरी निघालीय आणि तो बाहेरच्या थंडीचं निमित्त काढून तिला थांबवतोय. मागे एकदा गाडीत हे लागलं आणि माझी लेक म्हणाली, "बाबा, ती नाही म्हणतेय ना? मग हा ऐकत का नाहीये?" मी आवाज कमी केला. उत्तर काही दिलं नाही.

हे गाणं फ्रँक लेसरने १९४४ साली लिहिलं, तेही सिनेमासाठी नव्हे. न्यूयॉर्कमध्ये नव्या जागेत राहायला गेल्यावर मित्रमंडळींना बोलावलं होतं, तिथे बायको लिनबरोबर म्हणायला. मग पार्ट्यांमध्ये या जोडीला त्याचीच फर्माईश होऊ लागली. पुढे त्याने ते एमजीएमला विकलं, तेव्हा लिन भयंकर चिडली. तिच्या लेखी ते त्या दोघांचं गाणं होतं. १९४९च्या 'नेपच्यून्स डॉटर'मध्ये ते आलं आणि त्याला ऑस्करही मिळालं. गंमत म्हणजे, मूळ स्वरलिपीत पुरुषाच्या ओळींवर लिहिलंय 'लांडगा' आणि बाईच्या ओळींवर 'उंदीर'!

२०१८मध्ये, मी टू चळवळीनंतर, क्लीव्हलंडच्या एका रेडिओ केंद्राने ते वाजवणं बंद केलं. कॅनडाच्या सीबीसीनेही काढलं आणि श्रोत्यांचा सूर पाहून परत लावलं. २०१९मध्ये जॉन लेजंड आणि केली क्लार्कसन यांनी शब्द बदलून गायलं. त्यात तो स्वतःच तिच्यासाठी गाडी बोलावतो.

गाण्याची बाजू घेणारे म्हणतात, तिला राहायचंच आहे. आई काय म्हणेल, शेजारी काय बोलतील, एवढीच तिची अडचण. पेल्यात काय घातलंय ही शंका तर त्या काळचा नेहमीचा विनोद. मला हे पटतं, पण अर्धंच. बाईला उघडपणे 'हो' म्हणायची सोय नव्हती, कबूल. मग तिचं खरं 'नाही' ओळखायचं कसं? दोन्हींसाठी शब्द एकच!

आपल्याकडे तरी वेगळं काय होतं? तमाशातली गवळण आठवा. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची वाट कृष्ण आणि पेंद्या अडवतात. फरक इतकाच, की तिथे मावशी असते आणि ती पेंद्याला चांगलं सुनावते. आमच्या कॉलेजात मावशी नव्हती. गॅदरिंगला फिशपाँड पडायचे, मुलींच्या नावाने सिनेमातल्या गाण्यांच्या ओळी. 'हसली की फसली' हे तर आमचं शास्त्रच होतं. एका मुलीवर मीही अशी ओळ टाकली होती. सगळं सभागृह हसलं, तीही हसली. दुसऱ्या वर्षी ती गॅदरिंगला आली नाही. तेव्हा मी त्या दोन गोष्टी जोडल्या नव्हत्या. लेकीला हे मागच्या आठवड्यात सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही तिला सॉरी म्हणालात का?" नाही म्हणालो.

आता गाणं ऐकूया, सिनेमातलंच. तिथे ते दोनदा येतं. आधी रिकार्डो माँटलबान एस्थर विल्यम्सला अडवतो. मग बेटी गॅरेट रेड स्केल्टनला, म्हणजे लांडगा बाई आणि उंदीर पुरुष. दोन्ही लागोपाठ लावतोय. घरात मुलं असतील तर त्यांनाही बोलवा, आणि तुम्हाला हसू कुठे येतं ते बघा.